अंधारात चमकणारी रिॲक्शन: दिसली लवकर, मोजता आली उशिरा

ल्युमिनॉल (रिॲक्शनमधून निळा उजेड देणारं रसायन) किंवा ग्लोस्टिकवर प्रोजेक्ट करणाऱ्या मुलांचा पहिला प्रश्न असतो, उजेड जास्त कसा पाडायचा. पण रिॲक्शनमधून निघणाऱ्या उजेडाचा इतिहास बघितला तर उजेड पाडणं त्यामानाने लवकर जमलं, माणूस अडकला तो आलेला उजेड मोजताना.

१६६९ मध्ये हॅम्बुर्गचा हेनिग ब्रांट सोनं बनवायच्या मागे लागला होता, त्याने लघवी आटवून, खूप तापवून एक मेणासारखा पदार्थ काढला जो अंधारात आपोआप चमकायचा, तोच फॉस्फरस. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये रॉबर्ट बॉइलने बुरशीमुळे चमकणारं कुजकं लाकूड काचेच्या भांड्यात ठेवलं आणि पंपाने हवा काढली, तर चमक गेली, हवा आत सोडली तर परत आली. ऑक्सिजनचा शोध लागायच्या शंभरएक वर्षं आधी! मला हा प्रयोग फार आवडतो, कारण त्यात आकडा एकही नाही, फक्त चमक आहे की नाही एवढंच बघितलं आणि तरी केवढं कळलं.

इथे एक घोळ हमखास होतो. फॉस्फरसची चमक म्हणजे फॉस्फोरेसन्स नव्हे. फॉस्फोरेसन्समध्ये पदार्थ आधी बाहेरचा प्रकाश शोषून घेतो आणि मग हळूहळू सोडतो, फॉस्फरसच्या बाबतीत एनर्जी थेट रिॲक्शनमधून येते. रिपोर्टमध्ये हा शब्द जपून वापरा. आणि पांढरा फॉस्फरस विषारी असतो, हवेत पेट घेतो, त्यामुळे त्याची गोष्ट फक्त वाचायची.

पुढे १८७७ मध्ये राजिशेव्स्की या रसायनशास्त्रज्ञाला लोफीन नावाचं संयुग अल्कलीत (आम्लाच्या उलट गुणाच्या द्रावणात), हवा मिळाली की चमकताना दिसलं, म्हणजे जीव नको, फॉस्फरस नको, प्रयोगशाळेत बनवलेलं सेंद्रिय संयुगही उजेड देतं. १८८८ मध्ये वीडेमानने अशा प्रकाशाला केमिल्युमिनेसन्स हे नाव दिलं. १९२८ मध्ये आल्ब्रेख्टने ल्युमिनॉलची निळी चमक नोंदवली, १९३७ मध्ये श्पेख्टने ती रक्ताचे डाग शोधायला वापरली, कारण हिमोग्लोबिनमधलं लोह कॅटॅलिस्टचं, म्हणजे रिॲक्शनचा वेग वाढवायचं काम करतं. शाळेत त्याच जागी कॉपर सल्फेट वगैरे वापरतात. ग्लोस्टिकची केमिस्ट्री त्यानंतरची, १९६० च्या दशकात चँड्रॉस आणि राउहट यांच्या कामातून आली. त्यात ऑक्झॅलेट एस्टर आणि हायड्रोजन पेरॉक्साइडच्या रिॲक्शनची एनर्जी एका रंगद्रव्याला मिळते आणि ते चमकतं, म्हणून रंगद्रव्य बदललं की रंग बदलतो.

या सगळ्यात बराच काळ मोजायचं साधन म्हणजे डोळा. आणि डोळा तुलनेला कच्चा, अंधाराला सरावला की तोच उजेड जास्त वाटतो, आणि उजेड दुप्पट झाला तरी दुप्पट वाटत नाही. १९३० च्या दशकात फोटोमल्टिप्लायर ट्यूब आली तेव्हा चित्र बदललं, कारण ती एका फोटॉनमुळे (प्रकाशाच्या एका कणामुळे) सुटलेल्या इलेक्ट्रॉनचे लाखो करून सिग्नल देते. तरीसुद्धा सिग्नल म्हणजे फोटॉनची संख्या नव्हे, ट्यूब प्रत्येक रंगाला सारखी संवेदनशील नसते, तिचं कॅलिब्रेशन, म्हणजे माहीत असलेल्या प्रकाशाशी ताडून बघणं, लागतंच. सेलिगर आणि ली यांनी हे किचकट काम केलं तेव्हा कळलं की ल्युमिनॉलचे १०० रेणू खर्ची पडले तर फोटॉन मिळतो साधारण १. काजव्याचा असाच आकडा, म्हणजे शंभर रेणूंमागे किती फोटॉन, १९६० मध्ये सेलिगर आणि मॅकएल्रॉय यांनी ८८ टक्के काढला होता, आणि तो कितीतरी वर्षं सगळीकडे सांगितला जायचा, २००८ मध्ये जपानी संशोधकांनी नव्याने मोजलं तर आला ४१!

म्हणून मोबाईलने किंवा फोटोडायोडने (प्रकाश पडला की विजेचा सिग्नल देणाऱ्या छोट्या सेन्सरने) मोजणाऱ्याने किती फोटॉन याच्या मागे लागूच नये, तुलना करावी. कॅमेऱ्याचं ऑटो एक्स्पोजर आधी बंद, नाहीतर उजेड कमी झाला की कॅमेरा स्वतःच तो भरून काढतो आणि ग्राफ खोटा येतो. डबा तोच, अंतर तेच, आणि रिॲक्शन सुरू करायच्या आधी पूर्ण अंधारातलं रीडिंग घेऊन ते प्रत्येक आकड्यातून वजा करायचं. ग्लोस्टिक गरम पाण्यात ठेवली की जास्त चमकते पण लवकर विझते, त्यामुळे नुसता सर्वात मोठा आकडा लिहून थांबू नका, शेवटपर्यंत रीडिंग घ्या आणि ग्राफखालचं क्षेत्रफळ काढा, एकूण प्रकाश किती मिळाला ते त्यातूनच कळतं.