व्हॅमच्या सोल्युशनमधली अल्कलिनिटी आणि इनहिबिटर: एक ठीक म्हणजे दुसरं ठीक नव्हे

व्हॅम म्हणजे व्हेपर अॅब्सॉर्प्शन मशीन, लिथियम ब्रोमाइड या मिठाच्या पाण्यातल्या सोल्युशनवर चालणारा, पाणी थंड करणारा चिलर. आपल्या पुण्यात थरमॅक्स हे मशीन बनवते, त्यामुळे इकडच्या बऱ्याच फार्मा आणि केमिकल प्लांटमधे ते बघायला मिळतं. सोल्युशनचा लॅब रिपोर्ट आला की लोक अल्कलिनिटीचा, म्हणजे सोल्युशन किती अल्कलाइन आहे त्याचा, आकडा बघतात, लिमिटमधे असला की सोल्युशन ओके म्हणून रिपोर्ट फायलीला लावतात. शेजारी इनहिबिटरचा, म्हणजे गंज रोखायला टाकलेल्या केमिकलचा, आकडा असतो, तो कोणी वाचत नाही, कारण दोन्ही गंजासाठीच आहेत ना, मग एक बरोबर म्हणजे दुसरं बरोबर, असा समज. हा समज मशीन खातो.

आत काय चाललंय ते आधी बघा. सोल्युशनमधे लिथियम ब्रोमाइडचं प्रमाण ५५ ते ६४ टक्के, आणि डबल इफेक्ट मशीनच्या (एकच उष्णता दोनदा वापरणाऱ्या) हाय टेम्परेचर जनरेटरमधे, म्हणजे सोल्युशन उकळायच्या सगळ्यात गरम भांड्यात, तापमान १५० डिग्रीच्या आसपास. भांडं साध्या कार्बन स्टीलचं. आत व्हॅक्यूम आहे, ऑक्सिजन नाही, मग गंज कसा, असं विचारतात. तर ऑक्सिजन नसला तरी इतक्या गरम सोल्युशनमधे लोखंड थेट पाण्याशीच रिअॅक्ट होतं, काळा मॅग्नेटाइट (लोखंडाचा ऑक्साइड) बनतो आणि हायड्रोजन सुटतो. तो हायड्रोजन ना कंडेन्स होत ना सोल्युशनमधे शोषला जात, अॅब्सॉर्बरमधे (जिथे सोल्युशन पाण्याची वाफ शोषतं) साचतो, व्हॅक्यूम बिघडतो, चिल्ड वॉटरचं तापमान वर सरकायला लागतं, आणि सुटलेला काळा गाळ स्प्रे नोझलमधे जाऊन बसतो.

आता अल्कलिनिटी. ही येते लिथियम हायड्रॉक्साइडमधून आणि तिचं काम माहौल तयार करणं, म्हणजे स्टीलला झाकून वाचवणारा मॅग्नेटाइटचा थर विरघळू नये इतपत अल्कलाइन ठेवणं. पण थर फाटला तर तो शिवायचं काम तिचं नाही, आणि इतक्या ब्रोमाइडमधे थर कुठे ना कुठे फाटतोच, तिथेच खड्डे पडतात. ते काम इनहिबिटरचं. क्रोमेट, नायट्रेट, मॉलिब्डेट हे सगळे स्टीलच्या पृष्ठभागावर स्वतः रिड्यूस होतात (इलेक्ट्रॉन घेतात) आणि फाटलेल्या जागी थर पुन्हा धरायला मदत करतात, म्हणजे काम करता करता ते खर्च होतात.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे इनहिबिटर असा खर्च होताना सोल्युशनमधे हायड्रॉक्साइड तयार होतं. म्हणजे इनहिबिटर संपत चाललाय आणि अल्कलिनिटी चढतेय, दोन्ही एकाच वेळी! ज्याला फक्त अल्कलिनिटी दिसते त्याला वाटतं सोल्युशन मस्त आहे. नवीन मशीनमधे पहिले काही महिने हे होणारच, कारण सगळ्या स्टीलवर पहिला थर बसतोय. पण जुन्या मशीनमधे अल्कलिनिटी अचानक वर जायला लागली तर मी आधी इनहिबिटर बघेन, मग अॅसिडच्या कॅनला हात लावेन. नुसतं हायड्रोब्रोमिक अॅसिड टाकून आकडा खाली आणला की रिपोर्ट सुंदर दिसतो, आत स्टील उघडंच. आणि अल्कलिनिटी जास्त असली तर चांगलंच असंही नाही, फार वाढली की तांब्याच्या ट्यूब आणि गरम भागातलं स्टील दोन्हीला ती त्रास देते.

क्रोमेटवाल्या जुन्या मशीनमधे सॅम्पल पिवळं असतं, पिवळेपणा उतरला की निदान शंका तरी येते. क्रोमेट विषारी आणि कॅन्सरकारक, म्हणून मॉलिब्डेट आलं ते बरंच झालं, पण त्याला रंग नाही, बाटली उजेडात धरून काही कळत नाही, लॅबलाच पाठवावं लागतं. शिवाय मॉलिब्डेट या घट्ट सोल्युशनमधे विरघळतंच थोडं, एकदोनशे पीपीएमच्या घरात, त्यामुळे क्रोमेटच्या हिशोबाने किलोवर ओतलं तर जास्तीचं तळाला गाळ होऊन बसतं. नायट्रेटची वेगळी भानगड, ते रिड्यूस होऊन अमोनिया बनवू शकतं आणि अमोनिया म्हटलं की पुन्हा तांब्याच्या ट्यूबची काळजी.

सॅम्पल पंप चालू असताना, सोल्युशन नीट फिरलेलं असताना काढा. अल्कलिनिटी अॅसिडने टायट्रेट करूनच, म्हणजे ती संपेपर्यंत किती अॅसिड लागतं ते बघूनच मोजा, इतक्या घट्ट सोल्युशनमधे पीएच मीटर थेट बुडवून आलेल्या आकड्याला अर्थ नसतो. रिपोर्टमधे विरघळलेलं लोखंड आणि तांबंही मागा. आणि अल्कलिनिटी, इनहिबिटर, लोखंड, तांबं सगळं जागेवर असूनही पर्ज (आत साचलेला गॅस पंपाने बाहेर काढणं) वारंवार करावं लागत असेल तर केमिकल टाकत बसू नका, बाहेरून हवा शिरतेय का ते बघा, आधी लीक टेस्ट.