चॉकलेट आणि दोन अंशांचा हिशेब

साच्यातून काढलेलं चॉकलेट मोडताना ‘टक्’ असा आवाज आला, की काम जमलं समजावं. कधी तेच चॉकलेट मऊ राहतं, बोटांना चिकटतं आणि काही दिवसांत त्यावर पांढुरके पट्टे उमटतात. साहित्य तेच, हात तोच. चुकलेले असतात ते दोन-तीन अंश.

कोको बटर, म्हणजे चॉकलेटमधली चरबी, गोठताना तिचे सहा प्रकारचे स्फटिक बनू शकतात. आपल्याला हवा असतो पाचवा. तो साधारण ३४ अंश सेल्सिअसला वितळतो, म्हणून चॉकलेट बाहेर घट्ट राहतं आणि जिभेवर विरघळतं. चौथा प्रकार मात्र २७-२८ अंशांच्या आसपासच हार मानतो. टेम्परिंगची, म्हणजे चॉकलेट ठरावीक तापमानांतून नेण्याची, सगळी खटपट या पाचव्यासाठी. डार्क चॉकलेट ४५ ते ५० अंशांवर पूर्ण वितळवायचं, ढवळत ढवळत २७-२८ वर उतरवायचं आणि पुन्हा ३१-३२ वर आणायचं. या शेवटच्या टप्प्यात नको असलेले स्फटिक वितळून जातात, हवे ते टिकतात. पारा ३५ च्या पुढे गेला, की तेही गेले. मग पुन्हा पहिल्यापासून.

म्हणूनच थर्मामीटर घेताना पडद्यावरच्या दशांशाला भुलू नका. ३१.४ असं दिसलं, तरी उपकरणाची अचूकता दोन अंश कमी-जास्त असेल, तर खरं तापमान २९.४ ही असू शकतं आणि ३३.४ ही. १८० अंशांच्या तळणाला त्यानं काही बिघडत नाही, चॉकलेटचं बिघडतं. माहितीपत्रकात अर्ध्या अंशाची अचूकता शोधा.

बंदुकीसारखा इन्फ्रारेड थर्मामीटर मोहात पाडतो, कारण तो चॉकलेटला लावावा लागत नाही. पण तो फक्त पृष्ठभाग वाचतो, आणि पृष्ठभाग आतल्यापेक्षा लवकर निवतो. चकचकीत स्टीलवर तर तो फसतोच. असा धातू स्वतः फार कमी इन्फ्रारेड किरण सोडतो आणि आजूबाजूचेच परावर्तित करतो. तबकडीच्या थर्मामीटरची अडचण वेगळी: त्याची संवेदना सळईच्या खालच्या काही सेंटिमीटरभर पसरलेली असते, थोड्याशा चॉकलेटमध्ये ती बुडतच नाही. तापाचा थर्मामीटर नकोच, तो साधारण ३५ च्या खाली वाचत नाही.

माझं मत बारीक टोकाच्या डिजिटल प्रोबला, म्हणजे आत खुपसायच्या सळईच्या थर्मामीटरला. त्याच्या टोकात थर्मिस्टर (तापमानाप्रमाणे विद्युतरोध बदलणारा घटक) तरी असतो, नाहीतर थर्मोकपल: दोन वेगळ्या धातूंचा सांधा, जो तापमानातल्या फरकावर सूक्ष्म विद्युतदाब निर्माण करतो. हा परिणाम भौतिकशास्त्रज्ञ सीबेक यांनी १८२१ मध्ये पाहिला. थर्मोकपल झटपट वाचतो. थर्मिस्टर काही सेकंद जास्त घेतो, पण घरी तो पुरतो. हाच प्रोब चिकनच्या सर्वांत जाड भागात, हाडाला न टेकवता खुपसला, की आत ७४ अंश झाले का ते कळतं.

घरी आणल्यावर त्याची परीक्षा घ्या. पेला बर्फाच्या चुऱ्यानं भरा, फटी भरतील इतकंच पाणी ओता, ढवळा आणि टोक मधोमध धरा. शून्य दिसायला हवं. एक दिसला, तर या पट्ट्यात पुढे प्रत्येक वेळी एक वजा करा. उकळत्या पाण्याचे १०० अंश समुद्रसपाटीलाच खरे. दर ३०० मीटर उंचीला ते साधारण एक अंशानं घटतात.

आणि बर्फातून काढलेला प्रोब नीट कोरडा करूनच चॉकलेटमध्ये घाला. थोड्याशा पाण्यानंही साखरेचे कण एकमेकांना धरतात, आणि रेशमासारखं वितळलेलं चॉकलेट बघता बघता घट्ट, रवाळ गोळा होऊन बसतं.