मूत्रपिंडाच्या गाभ्यातली टंचाई

अँजिओग्राफीची तारीख ठरली की दोन गोष्टी हमखास विचारतात: क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते सांगणारी रक्तातली खूण) किती आहे, आणि गुडघेदुखीच्या गोळ्या चालू आहेत का? चालू असतील तर बंद ठेवायला सांगतात. हृदयाच्या तपासणीत गुडघ्याच्या गोळीचं काय काम? याचं उत्तर शोधत मागे गेलं की आपण 1980च्या दशकातल्या बोस्टनमध्ये, बेथ इस्रायल हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेतल्या उंदरांपाशी पोचतो.

तोवर मूत्रपिंडाला प्राणवायू कमी पडतो हे पटण्यासारखं नव्हतं. दोन्ही मूत्रपिंडं मिळून वजन जेमतेम 300 ग्रॅम, पण हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा सुमारे पाचवा हिस्सा त्यांच्याकडे जातो. इतकी चैन असलेला अवयव उपाशी कसा मरेल? तरी तो मरत होता. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडत असताना ढिगाऱ्याखालून जिवंत काढलेली माणसं काही दिवसांत लघवी बंद होऊन दगावत. बायवॉटर्स आणि बील या डॉक्टरांनी अशा रुग्णांची नोंद 1941 मध्ये प्रसिद्ध केली.

बोस्टनच्या त्या प्रयोगशाळेतल्या मायर ब्रेझिस, सेमूर रोझेन आणि फ्रँकलिन एप्स्टाइन यांनी बोट ठेवलं ते वाटपावर. रक्त भरपूर येतं, पण ते बहुतेक सगळं बाहेरच्या थरात गाळलं जाण्यासाठी. आतल्या गाभ्याला त्यातलं थोडंच मिळतं, आणि तेही मुद्दाम. लघवी घट्ट करायची तर गाभ्यात मीठ साठवून ठेवावं लागतं. रक्त जोरात वाहिलं तर ते मीठ धुऊन जाईल. शिवाय खाली उतरणाऱ्या आणि वर चढणाऱ्या रक्तवाहिन्या इतक्या खेटून असतात की प्राणवायू वाटेतच एकीतून दुसरीत निसटतो. बाहेरच्या थरात प्राणवायूचा दाब साधारण 50 मिलिमीटर (पारा), तर गाभ्यात 10 ते 20. आणि नेमक्या त्याच जागी हेन्लेच्या पाशाचा, म्हणजे लघवी तयार करणाऱ्या सूक्ष्म नळीच्या वळणाचा, जाड भाग मीठ उपसण्याचं कष्टाचं काम करत असतो. आलेल्या प्राणवायूपैकी 80 टक्क्यांच्या आसपास गाभा वापरून टाकतो, म्हणजे हाताशी शिल्लक काहीच नाही.

1984 मध्ये त्यांनी उंदराचं मूत्रपिंड शरीराबाहेर जिवंत ठेवून दाखवलं की प्राणवायू तोडला की आधी या जाड भागातल्या पेशी जातात. मला यातली सगळ्यात देखणी गोष्ट पुढची वाटते: मीठ उपसणारा पंपच औषधाने बंद केला तर त्याच पेशी तगतात. म्हणजे जीव जातो तो उपासमारीत राबल्यामुळे. क्लाउस थुराऊ आणि जॉन बॉयलन यांनी 1976 मध्येच लघवी कमी होण्याला मूत्रपिंडाचं 'अपयश' नव्हे, 'यश' म्हटलं होतं. त्यांचा मुद्दा शरीरातलं पाणी वाचवण्याचा होता. आता त्याला प्राणवायूच्या काटकसरीचीही जोड मिळाली.

गोळीचा संबंध 1988 मध्ये उलगडला. ब्रेझिस तोवर जेरुसलेमला परतले होते. तिथे सॅम्युएल हेमन यांच्यासोबत, आधीच अशक्त केलेल्या उंदरांना त्यांनी इंडोमेथासिन हे वेदनाशामक आणि एक्स-रेसाठी, म्हणजे अँजिओग्राफीतही, टोचतात तो डाय असं दोन्ही दिलं, आणि इजा गाभ्यातच उमटली. गाभ्याकडचं रक्त टिकवणारी प्रोस्टाग्लँडिन्स ही शरीरातली रसायनं वेदनाशामक तोडतं, आणि डाय उरलेला ताण देतो.

मग सोपा उपाय सुचणारच होता: फ्युरोसेमाइड हे लघवी वाढवणारं औषध द्या. ते नेमका तोच उपसा मंदावतं. 1994 मध्ये सॉलोमन आणि सहकाऱ्यांनी आधीच मूत्रपिंड कमकुवत असलेल्या 78 रुग्णांवर अँजिओग्राफीच्या वेळी हे तपासलं. नुसत्या सलाईनवर 11 टक्के रुग्णांचं कार्य बिघडलं, मॅनिटॉल हे लघवी वाढवणारं दुसरं औषध जोडलेल्या गटात 28, आणि फ्युरोसेमाइडच्या गटात 40 टक्के! औषधाने लघवी वाढून शरीर कोरडं पडलं, असा त्याचा एक अर्थ लावला जातो. गंमत अशी की दोन वर्षांनी, 1996 मध्ये, एमआरआयच्या एका नव्या तंत्राने जिवंत माणसाच्या गाभ्यातला बदल दिसू लागला, आणि फ्युरोसेमाइडने तिथला प्राणवायू खरोखरच वाढत होता.

सलाईनची सद्दी मात्र पुढे वीसेक वर्षं टिकली. 2017 मध्ये नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्टच्या 660 रुग्णांच्या चाचणीत, मूत्रपिंडात मध्यम बिघाड असलेल्यांना सलाईन दिलं काय आणि न दिलं काय, डायनंतर मूत्रपिंड बिघडण्याचं प्रमाण 2.7 आणि 2.6 टक्के असं जवळपास सारखंच आलं. त्यामुळे त्या गटातल्या रुग्णांना आता अनेक ठिकाणी सलाईनशिवायच आत घेतात.