हात काढायला आपण शिकलो कुठून?

कुडाळजवळच्या पिंगुळीची चित्रकथी चित्रं जवळून बघितलीयत का? माणसांचे हात अगदी मोजक्या रेषांत, सांधे नाहीत, सुरकुत्या नाहीत. ते चूक नाही हो, ही चित्रं रात्री दिव्याच्या उजेडात गाण्यातून गोष्ट सांगत दाखवायची, लांब बसलेल्याला कोण कोणाकडे हात करतंय ते कळलं म्हणजे झालं.

खराखुरा दिसणारा हात, सावली आणि हाडांसकट, हा वेगळ्याच वाटेने आला. जर्मन चित्रकार ड्यूररने 1508 मध्ये काढलेले ते जोडलेले हात सगळ्यांनी कुठे ना कुठे बघितलेले असतात, पण ते ब्रश आणि शाईचे आहेत, आजची पेन्सिल तेव्हा नव्हतीच. पुढे 1543 मध्ये व्हेसेलियस या वैद्याचं शरीररचनेवरचं पुस्तक आलं, एका हातात 27 हाडं असतात आणि त्यातली 8 नुसत्या मनगटात, हे समजल्यावर मनगट नळीसारखं गोल काढता येत नाही. ग्रॅफाइट इंग्लंडात बॉरोडेलला सोळाव्या शतकात सापडलं, आणि ब्रिटनशी युद्ध सुरू असल्यामुळे फ्रान्सला ते मिळेना म्हणून 1795 मध्ये कॉन्ते या फ्रेंच माणसाने ग्रॅफाइटची पूड आणि चिकणमाती एकत्र भाजून पेन्सिल केली. माती जास्त तर कडक आणि फिकट, कमी तर मऊ आणि काळी. आपल्या कंपासपेटीतली एचबी, 2बी, 6बी सगळी त्यातूनच आली, आणि नखावरचा उजेड नि दोन बोटांमधली काळोखी फट एकाच कागदावर जमते ती त्यामुळेच.

आपल्याकडे 1857 ला मुंबईत जेजे हे कलाविद्यालय सुरू झालं, तिथे प्लॅस्टरचे पुतळे समोर ठेवून ड्रॉइंग शिकवायचे. कोकणातली पोरं तिथवर पोचली त्यात सावंतवाडीचे सावळाराम हळदणकर, जन्म 1882. दिवा हातात धरलेली बाई, ते मैसूरच्या जगनमोहन पॅलेसमधलं चित्र त्यांचंच, कितीतरी लोक अजून राजा रविवर्म्याचं समजतात याचं मला खरंच वाईट वाटतं. जलरंगात आहे ते, समोर त्यांचीच मुलगी उभी होती. दिव्याच्या आड धरलेला पंजा बघा, उजेड बोटांच्या कडांतून आरपार येतो आणि कडा लालसर होतात. सावंतवाडीच्या माणसाने हे केलंय!

आणि आम्ही शाळेतल्या एलिमेंटरी या चित्रकलेच्या परीक्षेत, आठवणीतून काढायच्या स्मरणचित्रात माणसांचे हात पाठीमागे नाहीतर टोपलीखाली लपवायचो, कारण डोक्यात हात म्हणजे पाच काड्या. नवीन शिकणाऱ्याने बोटं आधी काढूच नयेत असं माझं मत आहे. आधी पंजाचा ठोकळा, मग अंगठ्याची उशी, म्हणजे त्याच्या बुडाचा मांसल भाग, मग चारही बोटं मिळून एक तुकडा. मधलं बोट मागून बघितलं तर जवळपास पंजाच्या पाठीएवढं लांब, तेच तळव्याकडून आखूड दिसतं कारण बोटांमधली कातडी पुढपर्यंत आलेली असते. स्वतःचाच हात उलटा सुलटा करून बघा.

मे महिन्यात आजी आमसुलांसाठी कोकमं फोडत बसलेली तेव्हा मी समोर बसून तिचा उजवा हात काढला, ठोकळ्यापासून. अंगठ्याचा सांधा सुजलेला, करंगळी थोडी आत वळलेली, आणि कोकमाचा रंग नखांच्या कडेला साचलेला, तिथे 4बी दाबून लावली.