युद्धाने बायकांचे कपडे कसे बदलले: ब्रिटनची गोष्ट

१ जून १९४१ ला ब्रिटनमध्ये कपड्यांवर रेशन लागलं. पहिल्या वर्षी माणशी ६६ कूपनं, त्यात लोकरीचा एक ड्रेस घेतला की ११ गेली, स्टॉकिंग्जच्या, म्हणजे पायभर चढवायच्या पातळ मोज्यांच्या, एका जोडीला २. म्हणजे पर्समध्ये पैसे असून उपयोग नाही, कूपन संपलं की वर्षभर आहे तेच शिवून-सांधून घालायचं. पुढे तर कूपनं अजूनच कमी केली.

मग सरकारने युटिलिटी कपडे आणले, म्हणजे सरकारी नियमाने बनवलेले साधे कपडे, सीसी४१ हा सरकारी शिक्का असलेले. १९४२ पासून तर बटणं किती, खिसे किती, चुण्या किती हे पण नियमाने ठरायला लागलं. कापड वाचवायचं म्हणून सगळं सुटसुटीत झालं. नॉर्मन हार्टनेल, म्हणजे राणीसाठी कपडे करणारा माणूस, त्याने पण युटिलिटीची डिझाईन्स केली.

पण माझ्या मते खरा बदल घडला तो कारखान्यात. डिसेंबर १९४१ च्या कायद्याने २० ते ३० वयाच्या अविवाहित मुलींना युद्धाच्या कामाला बोलावता यायला लागलं. मशीनसमोर घेरदार स्कर्ट चालत नाही आणि मोकळे केस तर जिवावरच बेततात, म्हणून ओव्हरऑल, पॅन्ट, आणि डोक्याला घट्ट बांधलेला रुमाल, कपाळावर त्याची गाठ. कित्येकींनी लढायला गेलेल्या नवऱ्याच्या पॅन्ट्स कापून आपल्या मापाच्या केल्या. रात्री भोंगा वाजला की नाईटड्रेसवरूनच सायरन सूट, म्हणजे अंगभर एकसंध पोशाख, चढवायचा, गळ्यापर्यंत झिप ओढायची आणि शेल्टरकडे पळायचं.

स्टॉकिंग्जचं मला फार वाटतं. रेशीम आणि नायलॉन पॅराशूटला लागायचं, मग मुली पायाला ग्रेव्हीचा तपकिरी रंग फासायच्या आणि मैत्रीण मागे बसून भुवयांच्या पेन्सिलने पोटरीवर, खऱ्या स्टॉकिंग्जला मागे असायची तशी, सरळ शिवण काढून द्यायची. एवढ्या बॉम्बहल्ल्यांत पण नीटनेटकं दिसायची ती धडपड, तिला नटवेपणा म्हणणं मला पटत नाही.

त्याच युद्धात, १९४३ ला सिंगापूरमध्ये, आझाद हिंद सेनेच्या राणी झाशी रेजिमेंटमधल्या आपल्या मुली साडी सोडून खाकी पॅन्टमध्ये कवायत करत होत्या.

फेब्रुवारी १९४७ मध्ये पॅरिसला फॅशन डिझायनर दिओरने बारीक कंबर आणि भरपूर कापडाचे घेरदार स्कर्ट पुन्हा आणले. ब्रिटनमधल्या बायका तेव्हाही कूपनंच मोजत होत्या, ती सुटली थेट मार्च १९४९ ला.