‘जनुकात दोष’ म्हणजे ‘घराण्यात दोष’ नव्हे

आमच्या सोसायटीतल्या एका काकांना फुफ्फुसाचा कॅन्सर निघाला. आयुष्यात कधी सिगारेटला हात न लावलेला माणूस. बायोप्सीच्या तुकड्याची जनुकीय तपासणी झाली आणि रिपोर्टात ठळक अक्षरांत आलं: ईजीएफआर जनुकात म्यूटेशन. घरात कॅन्सरपेक्षा या एका ओळीनंच जास्त घबराट उडवली. म्यूटेशन म्हणजे जीन्समध्ये, जीन्समध्ये म्हणजे रक्तात, आणि रक्तात म्हणजे मुलाबाळांतही! काकांच्या मुलीला तेव्हा पाचवा महिना होता. रात्री अकराला तिनं रिपोर्टाचा फोटो पाठवला, खाली एकच प्रश्न: “बाळाला येईल का?”

मी आधी निकाल वाचलाच नाही. नमुना कशाचा, ते पाहिलं. तिथं पॅराफिन ब्लॉकचा, म्हणजे मेणात जपून ठेवलेल्या गाठीच्या तुकड्याचा नंबर होता; तपासणी गाठीची झाली होती, काकांच्या रक्ताची नाही.

‘जनुकीय’ आणि ‘आनुवंशिक’ हे दोन शब्द आपण सर्रास एकाच अर्थानं वापरतो, वर्तमानपत्रंही तेच करतात, आणि सगळी गल्लत तिथूनच सुरू होते. कॅन्सर जवळपास प्रत्येक वेळी जनुकीय असतो. पेशीच्या वाढीवर लगाम ठेवणारी जनुकं बिघडल्याशिवाय पेशी अशी मोकाट सुटतच नाही. पण हा बिघाड बहुतेक वेळा जन्मानंतर होतो. वय, तंबाखू, ऊन, काही विषाणू, नाहीतर पेशी दुभंगताना झालेली नक्कल करण्यातली साधी चूक. त्याला सोमॅटिक बदल म्हणतात. तो त्या अवयवातल्या त्या पेशीत आणि तिच्या पिलावळीत राहतो, बीजांडात किंवा शुक्राणूत जात नाही. आनुवंशिक, म्हणजे जर्मलाइन बदल मात्र आईकडून किंवा वडिलांकडून येतो आणि अंगातल्या प्रत्येक पेशीत असतो. कपाशीच्या एखाद्या बोंडात अळी शिरणं वेगळं आणि बियाणंच बोगस निघणं वेगळं. साधारण 100 कॅन्सरांपैकी 5 ते 10 या दुसऱ्या जातीचे असतात.

या दोहोंतला फरक पहिल्यांदा नीट पकडला तो लहान मुलांच्या डोळ्यांवरून. रेटिनोब्लास्टोमा हा डोळ्याच्या पडद्याचा कॅन्सर. फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत एका डोळ्याची बाहुली लाल दिसते आणि दुसरीत मांजरासारखी पांढरी चमक येते, तेव्हा पुष्कळदा आईबापांना पहिली शंका येते. आल्फ्रेड नडसन या अमेरिकी डॉक्टरांनी 1971 मध्ये अशा 48 मुलांच्या नोंदी तपासल्या. ज्यांच्या दोन्ही डोळ्यांत गाठी होत्या, त्यांना त्या फार कोवळ्या वयात झाल्या होत्या. एकाच डोळ्यात गाठ असलेली मुलं वयानं जरा मोठी होती. नडसन यांनी हिशेब मांडला: गाठ व्हायला दोन घाव बसावे लागतात. जनुकाच्या दोन प्रती असतात, आणि दोन्ही बिघडल्या पाहिजेत. पहिला घाव घेऊनच जन्मलेल्या मुलाच्या पडद्यातल्या लाखो पेशींपैकी कुठल्याही पेशीला दुसरा बसला तरी पुरे. बाकीच्यांत मात्र दोन्ही घाव नेमके एकाच पेशीवर बसावे लागतात. ते क्वचित घडतं आणि त्याला वेळही लागतो. नडसन यांनी हे केवळ आकडेमोडीवर सांगितलं, ते जनुक हाती लागलं पुढं 1986 मध्ये.

यातून आणखी एक गोष्ट कळते. वारशानं येतो तो कॅन्सर नव्हे, पहिला घाव. बीआरसीए1 किंवा बीआरसीए2 जनुकात दोष असलेल्या 100 बायकांपैकी साधारण 70 जणींना वयाच्या ऐंशीपर्यंत स्तनाचा कॅन्सर होतो. बीजाशयाच्या कॅन्सरचं प्रमाण बीआरसीए1 मध्ये 44 च्या आसपास, बीआरसीए2 मध्ये 17 च्या. धोका भयंकरच आहे, पण स्तनाचा कॅन्सर न होणाऱ्या त्या तीसजणीही याच हिशेबात आहेत. मुलामुलींना हा दोष मिळण्याची शक्यता प्रत्येक वेळी निम्मी. ज्याला तो मिळाला नाही, त्याच्यापुरती ती साखळी तुटली. दोष एक पिढी ‘गाळून’ नातवंडात उतरत नाही.

मग एका घरात तिघांना कॅन्सर झाला तर? आजोबा, काका आणि वडील, तिघांनाही तोंडाचा, आणि तिघांच्याही खिशात तंबाखूची पुडी; किंवा आजीपासून सुनेपर्यंत सगळ्या बायका सकाळी मिश्री लावणाऱ्या. इथं पिढ्यान्‌पिढ्या उतरत आलेली असते ती बहुधा सवय. शंका घ्यावी ती वेगळ्या खुणांवर: पस्तिशी-चाळिशीत झालेला स्तनाचा कॅन्सर, दोन्ही बाजूंना झालेला, पुरुषाच्या स्तनात झालेला, बीजाशयाचा, किंवा एकाच बाजूच्या नातलगांत पन्नाशीच्या आत आतड्याचा.

एक पेच मात्र खरा आहे. वारशानं आलेला बदल सगळ्या पेशींत असतो, म्हणजे गाठीतही असतोच. त्यामुळे गाठीच्या तपासणीत बीआरसीएचा दोष दिसला तर तो कुठला, हे त्या कागदावरून सांगता येत नाही. रक्त किंवा लाळ देऊन वेगळी तपासणी करावी लागते, आणि तीही जनुकीय समुपदेशकाशी बोलून. काकांच्या रिपोर्टातला ईजीएफआर बदल फुफ्फुसाच्या गाठींत नेहमी आढळणारा होता, तो जवळजवळ नेहमी गाठीपुरताच असतो. उलट त्याच्यावर गोळ्या मिळतात, म्हणून तर डॉक्टरांनी तो शोधला होता. मुलीला तेवढं कळवलं आणि बाकीचं डॉक्टरांना विचारायला सांगितलं.

समुपदेशक तीन पिढ्यांची वंशावळ काढायला बसले की लोक आईकडच्या मावश्या, आज्या धडाधडा सांगतात. वडिलांकडूनही बीआरसीए तितकाच येतो, हे कुणाच्या गावीही नसतं. आत्यांचं काय, असं विचारलं की जरा वेळ शांतता पसरते, आणि मग कुणीतरी म्हणतं, “एक आत्या लवकर गेली. पोटात गाठ होती म्हणायचे.”