पाठीखाली चेंडू आला कुठून?

ऑनलाइन दुकानात ‘मसाज बॉल’ शोधला की रंगीबेरंगी खोक्यांत जो माल दिसतो, त्यातला बराचसा एकाच मापाचा असतो. व्यास साधारण ६.३ सेंटिमीटर, वजन १४५ ग्रॅमच्या आसपास, आतून भरीव रबर. अंगठ्यानं कितीही दाबा, दबत नाही. हे माप कुणा फिजिओथेरपिस्टनं माणसांच्या पाठी मोजून ठरवलेलं नाही. ते लॅक्रॉसच्या चेंडूचं माप आहे. लॅक्रॉस म्हणजे काठीच्या टोकाला लावलेल्या जाळीत चेंडू झेलत-फेकत खेळायचा, उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचा खेळ. तो प्रत्यक्ष मैदानावर पाहिलेला माणूस आपल्याकडे शोधावा लागेल. त्याचा चेंडू मात्र पुण्या-मुंबईच्या जिममध्ये, मॅरेथॉन पळणाऱ्यांच्या बॅगेत आणि घरून काम करणाऱ्यांच्या टेबलाखाली सर्रास सापडतो.

मुळात हा चेंडू लाकडाचा असे, नाहीतर हरणाच्या कातड्यात केस कोंबून शिवलेला. कॅनडातल्या माँट्रियलचे दंतवैद्य विल्यम जॉर्ज बिअर्स यांनी १८६७ मध्ये या खेळाचे नियम लिहून काढले आणि कातडी चेंडूच्या जागी कडक रबरी चेंडू आणला. असा चेंडू बनवणं तोवर शक्य झालं होतं. कच्चं रबर उन्हाळ्यात चिकट होतं आणि थंडीत तडकतं. गंधक घालून ते तापवलं की टिकाऊ होतं, हे चार्ल्स गुडइयर यांना १८३९ मध्ये सापडलं आणि १८४४ मध्ये त्यांनी त्याचं पेटंट घेतलं. आज नियमात बसणारा लॅक्रॉस बॉल १४२ ते १४९ ग्रॅमचा असतो. खेळून खेळून त्याचा पृष्ठभाग गुळगुळीत झाला की खेळाडू तो टाकून देतात. पाठीला अर्थातच त्यानं काही फरक पडत नाही.

दुखऱ्या जागी तो घेण्याची कल्पना मात्र मैदानावरून आलेली नाही. तिची एक वाट दवाखान्यातून येते, दुसरी नृत्याच्या वर्गातून.

दवाखान्याची वाट लंडनमध्ये सुरू होते. जोनास केल्ग्रेन या तरुण डॉक्टरनं १९३८ मध्ये एक विचित्र प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी स्वतःच्या आणि स्वतःहून तयार झालेल्या इतरांच्या स्नायूंत तीव्र मिठाचं पाणी टोचलं आणि दुखतं कुठे, याचे नकाशे काढले. सुई एकीकडे, कळ भलतीकडे, असं पुन्हापुन्हा दिसलं. त्याच सुमारास न्यूयॉर्कमध्ये डॉ. जॅनेट ट्रॅव्हेल यांचा स्वतःचा खांदा आणि हात दुखत होता. खवाट्याभोवतीचे स्नायू चाचपताना त्यांना असे ठिपके सापडले, की ते दाबले की दुखणं हातात उमटायचं. पेशानं त्या हृदयाच्या औषधांवर काम करणाऱ्या. पण पुढचं आयुष्य त्यांनी या ठिपक्यांमागे घालवलं. ‘ट्रिगर पॉइंट’ ही संज्ञा रुळली ती मुख्यतः त्यांच्यामुळे. ताणलेल्या स्नायूत दोरीसारखा पट्टा लागतो, त्या पट्ट्यात एक जास्त दुखरी जागा असते आणि ती दाबली की कळ लांब कुठेतरी जाते, असं त्यांचं वर्णन होतं. ‘पाठीत गाठ आली आहे’ असं आपण म्हणतो, ते बहुधा याच गोष्टीबद्दल.

ट्रॅव्हेल यांचा इलाज चेंडूचा नव्हता. त्या प्रोकेन हे बधिर करणारं औषध टोचायच्या किंवा थंड फवारा मारून स्नायू ताणायच्या. १९५५ मध्ये कुबड्यांवर त्यांच्याकडे एक तरुण सिनेटर आले. पाठीच्या तीन शस्त्रक्रिया होऊनही त्यांची सुटका झालेली नव्हती. जॉन केनेडी त्यांचं नाव. ट्रॅव्हेल यांनी त्यांना इंजेक्शनं दिली, एक पाय किंचित आखूड आहे हे ओळखून बुटात उंची घातली आणि झुलती खुर्ची वापरायला सांगितली. ही खुर्ची पुढे व्हाइट हाउसच्या छायाचित्रांत अजरामर झाली. १९६१ मध्ये केनेडी राष्ट्राध्यक्ष झाले आणि ट्रॅव्हेल त्यांच्या वैयक्तिक डॉक्टर; त्या पदावरची ही पहिली स्त्री. पण त्याच वर्षाच्या अखेरीस इंजेक्शनांचा अतिरेक होतोय असं व्हाइट हाउसमधल्याच इतर डॉक्टरांना वाटू लागलं, आणि हान्स क्राउस यांना बोलावण्यात आलं. क्राउस मूळचे ऑस्ट्रियाचे, गिर्यारोहक. त्यांचं औषध म्हणजे व्यायाम. सुई की हालचाल, हा वाद तेव्हाच सुरू झाला आणि घरगुती चेंडूला पुढे जी जागा मिळाली ती या दोन टोकांच्या मधली.

ती जागा तयार केली बॉनी प्रडन यांनी. क्राउस यांच्यासोबत कडे चढणारी, मुलांच्या तंदुरुस्तीच्या चाचण्या घेऊन अमेरिकेला लाजवणारी ही बाई. ट्रिगर पॉइंटची इंजेक्शनं देणाऱ्या डॉक्टरांसाठी त्या रुग्णाच्या अंगावर जागा शोधून खुणा करत. १९७६ मध्ये अशाच खुणा करताना त्यांनी एक अवघडलेली मान नेहमीपेक्षा जोरात दाबली आणि मान सुटली. डॉक्टरांना टोचायला काही उरलंच नाही. प्रडन यांनी त्यातून अंगठा, बोटांची पेरं, कोपर आणि एक लाकडी दांडी वापरून दाबण्याची पद्धत उभी केली. सुई गेली, दाब राहिला. आणि दाबायचंच तर त्याला डॉक्टर कशाला, हा प्रश्न आपसूक आला.

ट्रॅव्हेल यांनी डेव्हिड सायमन्स यांच्याबरोबर लिहिलेल्या जाडजूड संदर्भग्रंथाचा पहिला खंड १९८३ मध्ये आला. (सायमन्स हे अमेरिकी हवाई दलाचे डॉक्टर, १९५७ मध्ये बलूनला टांगलेल्या कुपीत एकटे बसून तीस किलोमीटरहून उंच गेलेले. स्नायूंकडे वळायच्या आधीचा त्यांचा हा उद्योग.) डॉक्टरांसाठी लिहिलेल्या या ग्रंथात रुग्णानं घरी करायच्या गोष्टीही आहेत, आणि त्यातच खांद्यामागच्या स्नायूसाठी टेनिस बॉलवर झोपायचा सल्ला आहे. एवढ्या पानांतला हा बारीकसा तपशील, पण आज घरोघरी जे चालतं त्याचा दाखला मी तरी तिथेच धरतो.

आता दुसरी वाट. १९६०च्या दशकात न्यूयॉर्कच्या जडसन चर्चमध्ये जमणाऱ्या प्रयोगशील नर्तकांत इलेन समर्स होत्या. सांध्यांच्या विकारामुळे नाच सोडावा लागेल अशी वेळ आली, तेव्हा त्या शार्लट सेल्व्हर आणि कारोला स्पीड्स यांच्याकडे शिकल्या. या दोघी बर्लिनच्या एल्सा गिंडलर यांच्या शिष्या. गिंडलरबाई अंगाकडे शांतपणे लक्ष देऊन हालचाल शिकवत. त्यांचं कागदपत्रांचं दप्तर दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी जळून गेलं आणि विद्या शिष्यांबरोबर अमेरिकेत पोचली. समर्स यांनी त्यात रबरी चेंडू आणले, वेगवेगळ्या आकारांचे, बरेचसे मऊ. चेंडू पाठीखाली, नितंबाखाली ठेवायचा, त्यावर भार सोडायचा आणि अगदी सावकाश हलायचं. कुठल्याही गाठीवर हल्ला नाही. या परंपरेची नावं जिमवाल्यांच्या तोंडी येत नाहीत, हे खटकतं. जितकं जास्त दुखेल तितका गुण जास्त, या समजुतीवर खरा उतारा इथेच होता.

दवाखान्याची वाट सामान्य माणसापर्यंत आणायला एक पियानो दुरुस्त करणारा लागला. केंटकीचे क्लेअर डेव्हिस यांचा खांदा आखडला. इलाज करून कंटाळल्यावर त्यांनी ट्रॅव्हेल-सायमन्स यांचे खंड स्वतः वाचले, स्वतःवर प्रयोग केले आणि २००१ मध्ये सामान्य वाचकासाठी पुस्तक काढलं. चेंडू मोज्यात घालण्याची युक्ती त्यांनी लोकप्रिय केली, आणि ती साधी असली तरी फार कामाची आहे. चेंडू लांब मोज्याच्या टोकापर्यंत सरकवायचा, मोज्याचं तोंड मुठीत धरून तो खांद्यावरून मागे सोडायचा आणि भिंतीला टेकायचं. मणका आणि खवाट्याची कड यांच्या मधे, मांसल भागावर चेंडू आला की थांबायचं. दुखऱ्या बाजूचा हात छातीवरून पलीकडच्या खांद्यावर नेला की खवाटा बाजूला सरकतो आणि खालचा स्नायू चेंडूला सापडतो. गुडघे थोडे वाकवले की चेंडू पाठीवर वर चढतो. भार जास्त झाला तर पाऊल भिंतीकडे घ्यायचं. जमिनीवर झोपून हेच केलं तर शरीराचा भार असा कमीजास्त करता येत नाही, म्हणून सुरुवात भिंतीलाच बरी.

टेनिस बॉल ५६ ते ५९.४ ग्रॅमचा आणि पोकळ. भिंतीशी तो चालतो, पण कुल्ल्याखाली घेतला की चपटा होतो. भरीव रबराची मागणी इथून आली. क्रॉसफिट या जोरकस व्यायामप्रकाराच्या लाटेत सॅन फ्रान्सिस्कोचे फिजिओथेरपिस्ट केली स्टारेट यांनी २०१० पासून रोज एक छोटा व्हिडिओ टाकायला सुरुवात केली आणि त्यांत लॅक्रॉस बॉल सतत दिसत राहिला. अमेरिकेत तो कुठल्याही खेळाच्या दुकानात मिळायचा, स्वस्त होता, जवळजवळ अविनाशी होता. मग कंपन्यांनी त्यालाच नवा रंग, नवं नाव आणि चढी किंमत दिली. काटेरी चेंडू, जोडचेंडू, थरथरणारा चेंडू ही पुढची पिल्लावळ. साधा भरीव रबरी चेंडू मिळत असेल तर यातल्या कशावरही जास्तीचे पैसे घालवण्याचं कारण मला दिसत नाही.

आपल्याकडे दाबून घेण्याची परंपरा जुनी, पण ती तेलाची आणि दुसऱ्या माणसाची. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात रोज अभ्यंग करावा, डोकं, कान आणि तळपायांना विशेष करून, असं सांगितलं आहे. तूप लावून काशाच्या वाटीनं तळवे घासणं अजून घरोघरी चालतं. तालमीत पैलवान एकमेकांना रगडतात. आजोबा नातवाला पाठीवर उभं करून पाठ तुडवून घेत. उसण भरली की पायाळू माणसाचा पाय लावून घ्यायचा, हेही अनेकांनी लहानपणी पाहिलेलं असेल. टाच दुखली की पायाखाली लाटणं फिरवणं हा त्यातल्या त्यात चेंडूच्या जवळचा प्रकार. हल्ली मात्र विक्रेते ट्रिगर पॉइंट म्हणजेच आपली मर्मं, असं ठोकून देतात. सुश्रुतानं १०७ मर्मं सांगितली ती शल्यकर्म करणाऱ्यानं जपायच्या जागा म्हणून. तिथे इजा झाली तर माणूस दगावतो किंवा पंगू होतो. चेंडू घेऊन तिथे लोळा, असा त्याचा अर्थ लावणं म्हणजे ग्रंथ उलटा धरून वाचणं.

राहता राहिला प्रश्न, चेंडूनं नेमकं होतं काय. ट्रॅव्हेल आणि सायमन्स यांचं आधीचं म्हणणं असं, की जोरात दाबलं की त्या जागेचा रक्तपुरवठा क्षणभर तुटतो आणि सोडल्यावर रक्त उसळून येतं. १९९९ च्या आवृत्तीत हा जोर कमी झाला: बोटाला अडथळा लागेपर्यंतच दाबा, तो विरघळायची वाट पाहा. गाठ म्हणून जे आपण शोधतो, ती सगळ्यांना एकाच जागी सापडते का? १९९२ च्या एका चाचणीत, ज्यात सायमन्स स्वतः सहभागी होते, तज्ज्ञांचं एकमेकांशी जमलं नाही. १९९७ मध्ये आधी नीट सराव करून घेतला तेव्हा जमलं. २००५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत जय शहा आणि सहकाऱ्यांनी केसासारख्या सुईनं या जागेतला द्रव काढला आणि त्यात वेदनेशी संबंधित रसायनं जास्त सापडली; अभ्यासात माणसं मात्र फक्त ९. उलट २०१५ मध्ये क्विंटनर, बोव्ह आणि कोहेन यांनी ट्रिगर पॉइंटची सगळी उपपत्तीच फेटाळली. दुखतं हे खरं, पण उगम स्नायूतल्या गाठीत आहे हे सिद्ध नाही, असा त्यांचा मुद्दा.

‘फॅशिया’, म्हणजे स्नायूंभोवतीचा पडदा, ‘मोकळा होतो’ हा जिममधला आवडता दावा तर आणखी कच्चा आहे. मांडीच्या बाहेरचा आणि तळव्याचा पडदा एक टक्का दबायलाही माणसाच्या आवाक्याबाहेरचा जोर लागेल, असं २००८ च्या एका गणिती प्रारूपात निघालं. आणि २०१५ मध्ये कॅनडातल्या संशोधकांना असं दिसलं, की एका पोटरीवर रोलर, म्हणजे लाटण्यासारखा दंडगोल, फिरवला तर दुसऱ्या, न रगडलेल्या पोटरीचीही दाब सोसायची क्षमता वाढते. म्हणजे बदल मांसात कमी, मज्जासंस्थेत जास्त. तळव्याखाली टेनिस बॉल फिरवल्यावर पुढे वाकणं थोडं सोपं होतं, असं त्याच वर्षी ब्रिटनमध्ये नोंदलं गेलं, ते याच चौकटीत बसतं. फोम रोलरवरच्या अभ्यासांचा २०१९ मध्ये एकत्र हिशेब मांडला गेला, तेव्हा लवचिकता सरासरी ४ टक्क्यांनी वाढलेली आणि व्यायामानंतरचं दुखणं सुमारे ६ टक्क्यांनी कमी झालेलं दिसलं. खोक्यावरच्या जाहिरातीच्या मानानं हे आकडे लहान आहेत, पण शून्य नाहीत.

हे मज्जासंस्थेचं प्रकरण असेल तर दात-ओठ खाऊन रगडण्यात हशील नाही. श्वास अडकला की भार जास्त झाला असं समजावं. एका जागी अर्धा-एक मिनिट पुरे. मणक्याच्या हाडावर, गळ्याच्या पुढच्या बाजूला, काखेत, जांघेत आणि गुडघ्याच्या मागे चेंडू नको. कुल्ल्याखाली घेतल्यावर पायात मुंग्या आल्या तर खालची सायटिक नस दबते आहे. चेंडू तिथून काढायचा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी, हाडं ठिसूळ झालेल्यांनी आणि मधुमेहामुळे तळव्याची जाणीव कमी झालेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. एकच पोटरी सुजून, गरम होऊन दुखत असेल तर तिच्यावर काहीही फिरवू नये; ती रक्ताच्या गुठळीची खूण असू शकते आणि तिथे जायचं ते थेट दवाखान्यात.